साहेबासाठी धरलेली जागा

हसायचं तं आत्ताच हसून घ्या बाप्पा, मंग मधात मले टोकू नका. असा बावळटपणा सत्तर वर्षांत केला नव्हता मी. अन् केला तो बी विमानात बसून, परक्या देशात जाऊन! नागपुरात केला असता तं चार लोकांत झाकला गेला असता.

माझा पोरगा निलेश जर्मनीत नोकरी करते. तीन वर्षं झाली, पण नोकरी कच्चीच. साहेबाले विचारलं का साहेब म्हणते, पाहू. मी तिकडं गेलो अन् दुसऱ्याच हप्त्यात साहेबानं निरोप धाडला, शनिवारी दुपारी बारमध्ये या, घरच्यांले बी आणा. जर्मनी अन् हॉलंडची फुटबॉलची मॅच आहे. मॅच पाहू, मंग तुझ्या नोकरीचं बोलू.

निलेशची झोपच उडाली. शनिवारी बारसमोर गाडी थांबवून मले म्हणते, "बाबा, आम्ही गाडी लावून येतो. तुम्ही फक्त आत जाऊन उभे राहा. काही करू नका."

काही करू नका! मले? अरे, कळमन्याच्या संत्रा बाजारात चाळीस वर्षं काटा धरला मी! एसटीच्या खिडकीतून दुपट्टा आत फेकला का ती जागा माझी. मंग आत ड्रायव्हरचा सासरा का येईना!

आत गेलो. बार कसला, पंगत उठायची वाट पाहणारी वरात! हातात गिलास घेऊन सारे उभे. अन् टीव्हीच्या ऐन समोर एक लंबा टेबल, दोन्हीकडं बाक, सारं रिकामं! येडेच दिसतात हे लोक, म्हटलं. टेबलावर फक्त लाकडाची एक बारकी पाटी ठेवली होती. काहीबाही लिहिलं होतं. मी चवथी पास, ते बी मराठीत. अन् पाटीनं कुठं जागा धरल्या जाते का? कपडा लागते, कपडा!

पाटी उचलून बाकाखाली सरकवली. एका बाकावर माझा नारिंगी दुपट्टा पसरला, बाजारात सत्कार झाला होता तवाचा. दुसऱ्यावर स्वेटर, टोपी अन् डाव्या पायातला जोडा. अन् त्याच बाकावर मधात मी.

लोक माझ्याकडं पाहून ओरडाले लागले. मले वाटलं, पाहुणा पाहून खुश झाले. मी बी हात हलवला.

तेवढ्यात एक लाल तोंडाचा जाडा माणूस आला, संगं तीन दोस्त. टेबलाकडं बोट दाखवते.

"नो," मी म्हटलं. "रिझर्व्ह."

"येस! रिझर्व्ह!" तो म्हणते, अन् आपल्याच छातीवर बोट ठोकते.

"अबे, तुले नाही! माझ्या पोराच्या साहेबाले. सन. बॉस. बिग बॉस!"

त्यानं वाकून बाकाखालची पाटी काढली अन् माझ्या नाकासमोर धरली. मी ती घेतली, बुडाखाली ठेवली अन् वर बसलो. झालं? मिटलं?

तो मंग म्हणते, "सन? नेम?"

"निलेश."

नाव ऐकल्याबरोबर त्याचं तोंडच बदललं. दोस्तांच्या कानात काही बोलला, चौघं बी हसले. मंग तो जाऊन माझ्यासाठी लिंबाचं शरबत घेऊन आला. मी ओळखलं, लाच! शरबत प्यायलो. जागा नाही दिली.

"बॉस... गुड?" त्यानं विचारलं.

आता सांगा, परक्या देशात आपलं दुखणं कोण विचारते? माझं मन भरून आलं.

"बॉस बॅड!" मी म्हटलं. "व्हेरी बॅड! थ्री इयर, परमनंट नो. संडे, फोन! माय सन, हेअर..." अन् डोक्यावरून हात फिरवून दाखवला, का सारे केस गेले. खडूसले इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना, तं मूठ आवळून, तोंड वाकडं करून साहेब कसा आहे ते करूनच दाखवलं.

जाड्याचं हसू थांबलं. दोस्तांचं वाढलं. एकाले तं ठसकाच लागला.

अन् तेव्हाच निलेश अन् सून रश्मी आत आले. मले पाहून पोरगा पांढराफटक!

"बाबा, उठा."

"काहून उठू? अर्धा तास झाला एकटा लढून राहिलो! हा जाड्या..."

"हळू बोला, बाबा! तेच साहेब आहेत."

"अन् टेबल?"

"त्यायचाच. दर मॅचले असते. पाटी कुठं आहे नावाची?"

मी थोडा सरकून बसलो.

रश्मी दुपट्ट्याकडं पाहून म्हणते, "अन् बाबा, हॉलंडवाले नारिंगीच कपडे घालतात. तुम्ही जर्मनीच्या लोकांच्या बाकावर त्यायचा झेंडा पसरला!"

मी आजूबाजूले पाहिलं. टीव्ही कोणीच पाहून नव्हतं राहिलं. मी उठलो, एका पायात जोडा अन् एक पाय उघडा, अन् पाटी दोन्ही हातांनी साहेबाले दिली. गरम झाली होती.

सारे बसले. मॅच कोण जिंकलं, मले विचारू नका. अर्धी मॅच झाल्यावर साहेब निलेशले काही बोलला. रश्मी माझ्या कानात सांगे.

"साहेब विचारतात, मी खरंच रविवारी फोन करतो का?"

निलेशनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा साहेबाकडं. "कधी कधी," म्हणते.

"आता विचारतात, अन् केस?"

निलेशनं डोक्यावरची टोपी काढली.

साहेब लय वेळ त्या टकलाकडं पाहत राहिला.

सोमवारी पत्र आलं. नोकरी पक्की! रश्मीनं शिरा केला. मी मिशीवर हात फिरवत म्हटलं, पाहिलं? तीन वर्षांत तुले जमलं नाही, ते मी अर्ध्या तासात केलं!

निलेश म्हणते, "हो बाबा." अन् मोबाईल काढून माझं परतीचं तिकीट दाखवलं. त्याच हप्त्याचं!

व्हिसा अजून दोन महिने बाकी होता. तिकडं मस्त थंड हवा, अन् पोट्ट्यानं मले मे महिन्याच्या भर दुपारी नागपुरात उतरवलं!