दोन फाटकं, एकच नंबर

पहिला दगड आला तेव्हा सरिता ऑफिसच्या खिडकीपाशीच उभी होती. काच फुटून तिच्या भुवईत घुसली. बाहेर कापसाच्या गाड्यांमध्ये दोन माणसं एकमेकांचे गळे धरून लोळत होती आणि दोघांच्याही मुठीत एकाच नंबरची चिठ्ठी होती, एक्केचाळीस.

सरिता पिपरी मेघेची, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली पहिली इंजिनिअर. एखादी संगणक यंत्रणा कुठे, किती वेळा दगा देईल हे आधीच तपासून सांगायचं, हे तिचं काम. तळेगावजवळच्या या खासगी कापूस खरेदी केंद्राची, गाड्यांना रांगेचे नंबर वाटायची यंत्रणा तिनेच तपासली होती. दोन फाटकं, दोन संगणक, मध्ये त्यांना जोडणारी एकच इंटरनेटची लाइन. लाइन तुटली की दोन्ही संगणक आपापल्या मनाने नंबर देणार, हे तिला दिसलं होतं. पण ती कितीदा तुटेल? नोंदी अकराच दिवसांच्या. तिने लिहिलं, हंगामात दोनदा तुटेल, नाहीतर वीसदाही; याहून नेमकं आज सांगता येत नाही.

मॅनेजर किशोर फोनवर वैतागला. "दोन का वीस? हा काय अहवाल झाला, मॅडम? मले एक आकडा द्या!"

"एकच आकडा दिला तर तो खोटा होईल, भाऊ."

त्याचे आणखी तीन फोन आले. शेवटी तिने 'दोन' लिहून सही केली.

हंगामाच्या चौथ्याच दिवशी लाइन पाचव्यांदा तुटली, म्हणून तिला बोलावलं होतं.

"यानंच नंबर विकले!" कोणीतरी ओरडलं. दार मोडलं. चिठ्ठ्या देणाऱ्या धनंजयला लोकांनी कॉलर धरून टेबलावरून ओढलं. त्याने तोंड झाकायला हात वर केला आणि लोखंडी सळई नेमकी हातावर बसली. हाड मोडल्याचा आवाज सरिताला स्पष्ट ऐकू आला.

"त्याले काऊन मारून राह्यले? चूक माही आहे!" ती मध्ये घुसली. पुढचा तडाखा तिच्या खांद्यावर बसला. रक्ताने तिला धड दिसेना, तरी ती धनंजयवर वाकून राहिली. पोलीस आले तेव्हा संगणकांचा चुरा झाला होता.

जबाबात तिने आधीचा अहवालही दिला आणि सहीचंही सांगितलं. तिच्या कंपनीने तिला नोकरीवरून काढलं.

महिन्याने ती पवनारला धनंजयच्या घरी गेली. त्याची तीन बोटं आता वळत नव्हती.

"तुमाले आधीच माहीत होतं?" त्याने विचारलं.

"हो."

 तो उठून आत गेला. सरिता बराच वेळ ओसरीवर बसून राहिली.