रफिकभाईंचं दुसरं चित्र

रफिकभाई गेल्याचं भाभींनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी नगरच्या आमच्या स्कॅन सेंटरमध्ये सकाळचं मशीन सुरू करत होतो. "सोमनाथभाऊ, गेले ते..." एवढंच त्या म्हणाल्या. मी "बरं" म्हणालो, फोन ठेवला आणि पहिला पेशंट आत घेतला. बरं! असं कुणी म्हणतं का? आता चाळिसावा होऊनही आठवडा उलटला, तरी मला धड रडताही आलेलं नाही.

एमआरआय मला शिकवला तो त्यांनी. मी अकोले तालुक्यातल्या डोंगरातला, ते सोनईचे. रोज एसटीनं ये-जा करायचे आणि डब्यात माझ्यासाठी दोन भाकरी जास्त आणायचे. शिकवताना मात्र जीव नकोसा करायचे. पक्षाघाताचा झटका येऊन गेलाय का, हे बघायला आम्ही मेंदूतल्या पाण्याची हालचाल टिपणारा स्कॅन काढतो. रक्त न पोचलेली जागा त्यात पांढरी चमकते. पण हे चित्र मुळातच अशक्त, जुन्या रेडिओसारखी खरखर असलेलं. त्यात खरं किती आणि खरखर किती, हे मोजल्याशिवाय चित्रावर विश्वास टाकायचा नाही, असा त्यांचा हट्ट. मोजायची सोपी रीत म्हणजे डोक्याबाहेरच्या काळ्या कोपऱ्यात एक चौकोन टाकायचा आणि तिथली खरखर हिशेबात धरायची. बहुतेक जण तेच करतात. रफिकभाई त्यावर भडकायचे. आमच्या मशीनमध्ये डोक्याभोवती सिग्नल पकडणाऱ्या बऱ्याच कॉइल असतात, त्या सगळ्यांचं मिळून कॉम्प्युटर एक चित्र जुळवतो. त्यात कोपरा स्वच्छ निघाला, तरी डोक्याच्या मधोमध खरखर जास्त असू शकते. "कोपऱ्यात नुसती हवा हाय, पेशंट न्हाई," ते म्हणायचे. "एकसारखी दोन चित्रं काढ, एकातनं दुसरं वजा कर. मेंदू निघून जातो, उरती ती खरखर. ती मधे मोज." दोन मिनिटांचं जास्तीचं काम. त्या दोन मिनिटांवरून मी त्यांच्यामागे किती कुरकुर केली असेल!

त्या दिवशी दुपारी जेवता जेवता ते थांबले आणि भिंत फिरतीय म्हणाले. मी हसलो. मग त्यांचा हात डब्याच्या बाजूला पडायला लागला, तेव्हा घाबरलो. डॉक्टरांनी लगेच स्कॅन सांगितला. मीच त्यांना टेबलावर घेतलं. बाहेर बाकडं भरलेलं, गाडी चुकेल म्हणून एक बाई सारखी दार वाजवत होती... आणि मी, त्यांच्या हाताखाली तयार झालेला माणूस, कोपऱ्यात चौकोन टाकून मोकळा झालो. आकडा झकास आला. दुसरं चित्र काढलं नाही.

टेबल बाहेर आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटूनच विचारलं, "दुसरं काढलंस का?"

"काढलं."

"मधे कसं हाय?"

"स्वच्छ आहे, भाई."

त्यांनी माझा हात थोपटला. डॉक्टरांना चित्रात नवं काही दिसलं नाही. साधी चक्कर असेल, त्रास वाढला तर लगेच या, असं सांगून त्यांनी घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रफिकभाईंना परत आणलं ते जीपमध्ये आडवं टाकून. बोलणं गेलेलं, तोंड वाकडं झालेलं. तो स्कॅनही मीच काढला. मेंदूच्या बुंध्यात, डोक्याच्या अगदी मधोमध, पांढराफटक डाग. तो दिसायला मोजमापाची गरज नव्हती. तिसऱ्या सकाळी भाभींचा तो फोन आला.

त्या जागेचा झटका पहिल्या काही तासांत चांगल्या चित्रातही लपून राहतो, असं डॉक्टर म्हणतात. राहत असेल. मी त्या दुपारची फाइल किती वेळा उघडली, त्याला गणती नाही. कोपऱ्यातला आकडा अजूनही झकास आहे. मधली खरखर मोजायची तर दुसरं चित्र हवं, आणि ते कधी काढलंच नाही. म्हणजे डाग खरखरीत बुडाला होता की त्या वेळी दिसण्यासारखाच नव्हता, हे मला मरेपर्यंत कळणार नाही. हल्ली मी येईल त्याची दोन चित्रं काढतो. पेशंट कुरकुरतात, मालक कुरकुरतात. मी वजाबाकी करतो, आकडा लिहितो आणि त्याचा रफिकभाईंना काडीचाही उपयोग नाही.

चाळिसाव्याला सोनईला गेलो. भाभींनी मला आग्रहानं वाढलं आणि समोर बसून म्हणाल्या, "तुमच्या हातनं फोटू निघाला, हे लई बरं झालं. दुसरं कुणी असतं तर नीट बघितलं का न्हाई, हे मनात राहिलं असतं." मी खाली मान घालून जेवत राहिलो. त्यांनी वाढलं तेवढं सगळं जेवलो.

रविवारची ही पुरवणी तुमच्या घरी येते, भाभी. तुमच्यासमोर बसून सांगायची माझी छाती झाली नाही, म्हणून इथे लिहितो. मी दुसरं चित्र काढलं नव्हतं.