मामांचा इन्कॉग्निटो

आमच्या मामांइतका बडबड्या गुप्तहेर अख्ख्या नाशिक जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून ते निवृत्त झाले आणि मी त्यांना मोबाईलमध्ये 'इन्कॉग्निटो' खिडकी उघडून दाखवली, तिथे हे खूळ डोक्यात शिरलं. खिडकी राहिली बाजूला, मामा शब्दाच्याच मागे लागले. "इटालियन आहे रे! मूळ लॅटिन. 'कॉग्नितुस' म्हणजे ओळखीचा, आधी 'इन' लावला की अनोळखी. आपला 'अज्ञात' आणि हा सख्खे चुलतभाऊ!" भाजीवाली, न्हावी, रिक्षावाला, सगळ्यांना हे ऐकवून झालं. युरोपातले राजे म्हणे दुसऱ्याच नावाने हिंडायचे. लोकांना कळायचं, पण मुजरा कुणी करायचं नाही. मामींनी तेलकट बंद केल्यावर हेही मफलर गुंडाळून मिसळ खायला गेले आणि "तर्री वाढ रे!" म्हणून असे गरजले की शेजारच्या टेबलावरचं मामींचं भजनी मंडळ दचकलं.

पण एकुलत्या एका लेकीला, आमच्या ताईला, लासलगावचं स्थळ आलं आणि मामांचं हसू पळालं. "माणसं कशी आहेत, हे बायोडाटात लिहितात होय?" असं म्हणत ते मला घेऊन कांद्याचे व्यापारी बनून थेट मार्केटात, मुलाच्या वडिलांच्या ट्रॅक्टरपाशी उभे राहिले. एक कांदा उचलला, हुंगला आणि विचारलं, "गोड आहे का?"

मी डोळेच मिटले. वडील मात्र शांतपणे म्हणाले, "लय गोड हाय शेठ. उन्हाचं आलात, आधी चहा घ्या." मग कांदा सोडून घर, मुलगा, व्यसनं यांवर मामांनी विचारलेल्या पन्नास प्रश्नांची उत्तरं त्यांनी न कंटाळता दिली. आम्ही निघताना ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, "फोटोत पाह्यलंय त्यांना. बापाचा जीव हाय, चालायचंच." लग्न जमलं. आपल्याला कुणी ओळखलं नाही, असं मामा अजूनही छातीठोकपणे सांगतात.

ताई सासरी गेली आणि मामांचं जेवणातलं लक्षच उडालं. ती फोनवर "मजेत आहे" म्हणायची, पण फोनवर सगळेच मजेत असतात. गेल्या महिन्यात एके सकाळी ते "जरा फिरून येतो" म्हणून गेले, दुपारी परतले आणि मामींकडे तिसरी भाकरी मागितली.

कुठे गेले होते, ते मला ताईकडून कळलं. "बाबा समोरच्या टपरीआड उभे होते रे, काळा चष्मा लावून. मी आणि सासूबाई गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. हाक अगदी ओठावर आली होती. पण मी खरंच सुखात आहे, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं ना? सासूबाईंनीही ओळखलं. ते जाईपर्यंत आम्ही दोघींनी तेच कपडे तीनदा वाळत घातले."