अर्लीनची हाक

माझी धाकटी बहीण अर्लीन आमच्या मिसिसिपीतल्या शाळेत स्वयंपाक करायची. तिचा मुलगा लवेल शाळेच्या मोठ्या संघातून फुटबॉल खेळायचा, म्हणजे तो अमेरिकेतला, चेंडू हातात घेऊन धावायचा नि एकमेकांना पाडायचा खेळ. त्याचं काम एकच, समोरच्या संघात चेंडू फेकणारा जो असेल त्याला आडवं करायचं. भलेभले त्याला टरकून असायचे.

लवेलने कुणाला लोळवलं की सगळं स्टेडियम नाचायचं. अर्लीन मात्र उभी राहून ओरडायची, "ऊठ रे बाळा, ऊठ!" ते पोरगं उठेपर्यंत ती खाली बसायची नाही.

मी वैतागायचे. "अगं बये, तू आपल्या बाजूची का त्यांच्या? लोक बघतायत!"

"बघू देत. त्याचीही आई बघत असेल ना कुठेतरी."

अर्लीन वारली, त्याच्या पुढच्याच वर्षी परक्या गावातल्या सामन्यात लवेलचा गुडघा मोडला. तो तसाच पडून राहिला. मी हाक मारायला उठू लागले.

तेवढ्यात माझ्या मागे, त्यांच्या संघाचा सदरा घातलेली कोण कुठली एक म्हातारी उभी राहिली आणि ओरडली, "ऊठ रे बाळा, ऊठ!"