प्रत्येक मजल्यावर थांबणारी लिफ्ट

आमच्या शेजारचा मखलूफ दाहान चष्म्यांचं दुकान चालवतो आणि संध्याकाळी तालमूद हा ज्यूंचा धर्मग्रंथ शिकतो. शिकतो म्हणजे भांडतो. एकाच पानावर दोन रब्बींची, म्हणजे धर्मगुरूंची, दोन मतं निघाली की याला दोघांचंही मन राखायचं असतं. जेरुसलेममध्ये असे पुष्कळ सापडतील. पण याची आई पाचव्या मजल्यावर राहते आणि तिचे गुडघे गेलेत.

शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, बटण दाबायचं नाही, म्हणून इमारतीत आपोआप चालणारी, प्रत्येक मजल्यावर थांबणारी लिफ्ट बसवली. तर एका बड्या रब्बींचं मत आलं, की वर जाणं चालेल, उतरणं नाही. उतरताना माणसाच्या वजनाने वीज तयार होते, म्हणजे तेही कामच. मखलूफची आई, आमची मासूदामावशी, म्हणाली, "म्हणजे वर जायला मी मोकळी. पण आधी मला खाली कोण टाकणार?"

मखलूफने आपल्या रब्बी एलबाजांना विचारलं. ते म्हणाले, हा वाद मूळ आज्ञेचा नाही, ती मोडू नये म्हणून नंतरच्या रब्बींनी तिच्याभोवती घातलेल्या कुंपणाचा आहे. तिथे शंका राहिली तर सैल बाजू घ्यावी, आणि म्हातारीसाठी तर बेलाशक घ्यावी. पण मखलूफला दोन्ही मतं सांभाळायची होती. घरी येऊन त्याने आईला सांगितलं, रब्बी नको म्हणाले. वर्षभर मावशी शनिवारी खिडकीत बसून सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला निघालेल्या मैत्रिणींना हात करत राहिली. मला मखलूफच्या कडकपणाचा राग यायचा, पण रब्बी नको म्हणाले हे मलाही खरंच वाटलं होतं.

परवा रब्बींनी सहज विचारलं, आई दिसत नाही, आजारी आहे का? मखलूफने खरं ते सांगून टाकलं.

"कडक व्हायचंय तर स्वतःच्या गुडघ्यांवर हो," रब्बी म्हणाले. "आईच्या गुडघ्यांवर कसला धर्म पाळतोस?"

तो घरी आला तेव्हा मी तिथेच मावशीबरोबर कुसकुससाठी रवा चाळत होते. त्याने मान खाली घालून सगळं कबूल केलं. मावशीचे हात थांबले नाहीत.

"ठाऊक आहे मला. रब्बींची बायको सणाला आली होती, तेव्हाच बोलली, की रब्बींनी परवानगी दिली होती."

"मग उतरली का नाहीस?"

"उतरले असते तर बायकांनी विचारलं असतं, आजवर का नाही आलीस? मग तुझं नाव सांगावं लागलं असतं."

मखलूफ खुर्चीत बसला. इतका ओशाळलेला माणूस मी पाहिला नव्हता.

या शनिवारी मावशी डोक्याला नवा रुमाल बांधून माझ्याबरोबर लिफ्टने उतरली. मखलूफ जिन्याने निघाला. कडकपणा आता त्याचा त्याच्यापुरता. पण ती लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबते. दार उघडलं की समोर जिन्यात हा, घामाघूम, खाली बघत.

तिसऱ्या मजल्यावर मावशीने विचारलं, "दमलास का रे?"

दार बंद झालं, आणि दुसऱ्या मजल्यावर उघडलं तेव्हा तो पुन्हा तिच्यासमोर उभा होता.