शकूने बसवलेला तुकडा

आनंदला लकवा मारला तेव्हा तो रिछाईच्या कारखान्यात पाळीवर होता. जीव वाचला, पण डावा हात गेला आणि जीभ जड झाली. दिवसभर मशीन आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात बेस गिटार, यातच त्याची उमर गेलेली. शकू त्याच ऑर्केस्ट्रात गायची. लग्नही तिथेच जुळलं. आता गोरखपूर मोहल्ल्यातल्या दोन खोल्यांत तो भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. कुणी भेटायला आलं की डोळे मिटून घ्यायचा.

एकदा लेकीच्या, मोनालीच्या फोनमध्ये गणेशोत्सवातलं जुनं रेकॉर्डिंग सापडलं. गाणं संपता संपता आनंदने बेसवर एक तुकडा वाजवला होता, असा सुसाट की बाकीचे वादक हात थांबवून बघत राहिले होते. शकूने ठरवलं, हा तुकडा आपण बसवायचा. तो ऐकून आनंद निदान मान तरी वळवेल.

"मम्मी, तू काहून एवढी मेहनत करून राहिली?" असं म्हणत मोनालीनेच रेकॉर्डिंगचा वेग कमी करून दिला.

शकूचा कान तयार होता, बोटं नव्हती. जाड तारांनी बोटांना फोड आले. दुपारी आनंदचा डोळा लागला की ती त्याचीच बेस घेऊन स्वयंपाकघरात बसायची. एकेक सूर आधी गळ्यातून काढायची, मग तारेवर शोधायची. ढोलकच्या दणक्यात बेस बुडायचा, तिथे पुन्हा मागे जायची. सगळं जमलं, एक जागा सोडून. तिथे वरच्या सुरावरून झपकन खाली यायचं होतं आणि हात काही वेळेवर पोचत नव्हता.

शेवटी ती तशीच बेस घेऊन त्याच्यासमोर बसली. वाजवता वाजवता त्या जागी अडखळली. आनंदने खरंच मान वळवली.

"रिकामी," तो कष्टाने म्हणाला. "मधात... रिकामी तार सोड. ती वाजते, तोवर... हात खाली ने."

आजवर ती प्रत्येक सूर दाबून काढायला बघत होती. तिने तार मोकळी सोडली आणि तुकडा पाण्यासारखा वाहत गेला. शकू हरखून हसली.

"अहो, आलं ना बरोबर?"

त्याने उजव्या हाताने आपल्या लुळ्या डाव्या हाताची बोटं घट्ट धरली होती.

"आलं," तो म्हणाला. "आता ठेवून दे. माझ्यासमोर... नको वाजवू."

तिने बेस खोळीत घातली.

पुढच्या महिन्यात ऑर्केस्ट्राचा नथ्थू विचारायला आला, बेसवाला कुठे मिळेल का. शकू काही बोलणार, तोच आनंद म्हणाला, "हिला येते. घेऊन जा." आणि भिंतीकडे वळला.

शकू तालमीला गेली. परतली तेव्हा मोनाली दारातच उभी होती.

"पप्पा जेवलेच नाहीत," ती म्हणाली.