मांजर्लीचे टेंपोकाका

संगणकात तात्पुरत्या साठणाऱ्या टेंप फाईलींना ते 'टेंपो' म्हणायचे. "साहेब, आज पुन्हा चार टेंपो उभे राहिलेत, रस्ता जाम आहे," असा फोन आला की मी उल्हासनगरच्या आमच्या संगणक-दुरुस्तीच्या दुकानातून निघून बदलापूरला, मांजर्लीत त्यांच्या घरी जायचो. दुकानात आम्ही सगळे त्यांना टेंपोकाकाच म्हणत असू. अंबरनाथच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेला हा माणूस बावीस वर्षांच्या मला साहेब म्हणायचा, आणि मला ते आवडायचं.

त्यांच्या संगणकात टीव्ही दिसायचं कार्ड मीच बसवलं होतं. चालू कार्यक्रम मध्येच थांबवता यावा म्हणून ते सॉफ्टवेअर सगळं चित्र डिस्कवर साठवत राही. एकेक फाईल दोन-तीन जीबीची होई आणि चार दिवसांत डिस्क भरे. कोणती फाईल केव्हाची, हे काका वहीत लिहून ठेवत. "मशीनला नावं ठेवण्याआधी आपण त्यात काय भरलंय ते बघावं," असं म्हणत.

त्यातली एक फाईल मात्र पुसायची नव्हती. काकू महिला मंडळाबरोबर टीव्हीवर भीमगीत गायल्या होत्या, जेमतेम दोन मिनिटं. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. ती फाईल नाव देऊन वेगळी ठेवायची, हे काम माझं होतं. दर खेपेला मी म्हणायचो, "पुढच्या वेळी करतो, काका."

एका दुपारी मला घाई होती. काका आत चहा टाकत होते. मी वही न बघताच सगळ्या फाईली निवडल्या आणि कायमच्या पुसल्या. काकूंची फाईलही त्यांतच गेली, हे मग लक्षात आलं. पुसलेली फाईल कधीकधी परत मिळते, फक्त त्या डिस्कवर नवं काही लिहिलं जाता कामा नये, हे मला ठाऊक होतं. संगणक तिथल्या तिथे बंद करून डिस्क दुकानात नेली असती तर आशा होती. पण मग झालेलं सांगावं लागलं असतं. काका कप घेऊन आले, त्यांनी बातम्या लावल्या, आणि नवी फाईल भरायला लागली. मी चहा प्यायलो. रस्ता मोकळा केलाय, म्हणालो.

पुढे त्यांचे फोन मी दुकानातल्या दुसऱ्यांकडे ढकलत राहिलो. त्या पावसाळ्यात उल्हास नदी मांजर्लीत शिरली. काकांचा संगणक पाण्यात गेल्याचं कळलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहितानाही मान वर होत नाही.

भेटायला गेलो तर काका घरातला चिखल काढत होते. काकूंचं गाणंही गेलं, म्हणून शेजारीण हळहळत होती. "हो, पुरात गेलं," काका म्हणाले. ती गेल्यावर खराट्यावर हात टेकून ते म्हणाले, "फाईल आधीच गेली होती. तू येऊन गेलास त्याच संध्याकाळी मी शोधली. नदीवर एक आळ जास्त आला, तिचं काय बिघडतंय?"

तेव्हा तरी 'चुकलो' म्हणायला हवं होतं. मी विचारलं, "काका, मॉनिटर वाळवून बघू का?"

"बघ," ते म्हणाले.

दिवाळीआधी ते मुलीकडे नाशिकला कायमचे राहायला गेले. जाताना नवा पत्ता दुकानात ठेवून गेले होते. मी तो उतरवून घेतला नाही.